राइलीची टोपणनावं

राइली कधी माऊसला हात लावत नसे. फिनलंडमधल्या कुओपिओच्या आमच्या जलमापन कचेरीत तिच्यापुढे फक्त काळा पडदा असायचा आणि त्यावर ती दोन-तीन अक्षरं टाकून एंटर दाबायची. लांबलचक कमांड रोज कोण टाइप करणार? तिनं प्रत्येकीला छोटं टोपणनाव दिलं होतं. अशी साठेक नावं एका फाइलीत होती. ती निवृत्त झाली, तिची जागा मला मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी मी ती फाइल न वाचता पुसली. जुना कचरा, म्हटलं.

सहा वर्षांनी तिच्या मुलीचा, सातूचा, फोन आला. "आई आता मलाही ओळखत नाही, इल्पो. दिवसभर टेबलावर बोटं आपटते आणि काहीच होत नाही म्हणून रडते. तिला तिचं मशीन द्याल का?"

मी लॅपटॉप घेऊन वृद्धाश्रमात गेलो. जूनची दुपार होती. खिडकीबाहेर तळं कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं, कळत नव्हतं. राइली ताठ बसली. दोन अक्षरं, एंटर. पडद्यावर उमटलं, अशी कमांड नाही. पुन्हा तेच.

"माझ्या कामाला हात कुणी लावला?"

"मीच पुसलं, राइली." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"मग मांड परत, गाढवा!"

मूळ कमांड तिला आठवेनात. त्या आठवायला लागू नयेत म्हणून तर टोपणनावं. "ह्यानं काय व्हायचं?" मी विचारलं. "तळी उठायची, एकेक करून," ती म्हणाली. मी पाणीपातळीची कमांड लिहून त्या दोन अक्षरांना जोडली. आकडे हळूहळू वर सरकू लागले आणि ती प्रत्येक तळ्याला नावानं हाक मारू लागली. किती वेळ गेला कोण जाणे. खोलीतच पाणी भरल्यासारखं वाटत होतं. अशी अकरा नावं आम्ही परत मांडली.

मग तिनं तीन अक्षरं टाकली.

"आणि हे कशाचं?"

"कचेरीत नवा माणूस आलाय, इल्पो म्हणून. पोरगा गुणी आहे, पण वाचायच्या आधी एंटर दाबतो मेला. घरी जाताना त्याचा दिवसभराचा गोंधळ ह्यानं निस्तरते."

"त्याला सांगत का नाही?"

"कशाला? शिकेल हळूहळू. उगाच खचायचा बिचारा."

पहिल्या वर्षी माझी एकही चूक निघाली नव्हती. त्याच जोरावर मला तिची जागा मिळाली होती. डोळे भरून आले, पडदा दिसेना. ती कमांड मी सावकाश लिहिली आणि दोनदा वाचली.

राइलीनं तीन अक्षरं टाकली, एंटर दाबलं, आणि थोडी थांबली.

"झालं," ती म्हणाली. "आता उद्या निर्धास्त येईल तो."