मोजता न आलेला लोंढा

शंकासुराने पडद्यावरच्या शून्यांच्या रांगेवर बोट ठेवलं.

“गेला आपला कणमापक. इतकी वर्षं इमानेइतबारे राबला, आज मान टाकली. पुसून टाकू ही शून्यं?”

ऑफिसात त्याला सगळे शंकासुर म्हणत आणि तिला कणमापकाची आई; कारण लांबच्या ग्रहाभोवती फिरणाऱ्या यानावरचा तो कणमापक तिने स्वतःच्या हाताने जुळवला होता. ग्रहाच्या चुंबकावरणात विद्युतभारित कणांचा लोंढा उसळला, की येणारा एकेक कण मोजायचा, एवढंच त्याचं काम.

तिने खुर्ची पुढे ओढली. आकडे भराभर चढत गेले होते, आणि मग एकदम काहीच नाही.

“पुसू नकोस. मेला नाहीये तो. एक कण मोजला की पुन्हा तयार व्हायला त्याला क्षणभर वेळ लागतो. तेवढ्यात दुसरा आदळला, तिसरा आदळला, तर बिचाऱ्याला उसंतच मिळत नाही.”

“म्हणजे काही आलं नाही म्हणून शून्य नाही?”

“फार आलं म्हणून.”

एवढं बोलून ती त्या शून्यांकडे बघत राहिली. शंकासुर चहा आणायला गेला.

घर सोडून ती या नोकरीला आली, तेव्हापासून बाबा तिच्याशी बोलले नव्हते. दर रविवारी आई त्यांच्या हातात फोन कोंबायची. ती ‘बाबा’ म्हणायची. पलीकडून चकार शब्द नाही. दगडाला पाझर फुटेल, यांना नाही, असं पुटपुटत ती फोन ठेवायची. त्यांच्या तोंडून एकदा आपलं नाव ऐकायला मात्र तिचा जीव तुटायचा. गेल्या रविवारी तर तिने फोन केलाच नव्हता.

आज रविवार नव्हता. तिने जिन्यात जाऊन फोन लावला.

“आई, बाबांना दे.”

“देते. पण लगेच ठेवू नकोस गं. तू ठेवतेस, आणि हे तसेच फोन कानाला धरून बसतात. शेवटी मीच काढून घेते.”

फोन या हातातून त्या हातात गेला.

“बाबा.”

काहीच नाही. खाली कुठेतरी दार आपटलं. ती पायरीवर बसली.

“असू दे,” ती म्हणाली. “मी आहे फोनवर.”

पलीकडे चष्मा काढून टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

शंकासुर चहा घेऊन आला, तिला पाहिलं, आणि कप पायरीवर ठेवून निघून गेला. चहावर साय धरली, तरी दोघांपैकी कोणीच फोन ठेवला नव्हता.