खिडकीकडची बाजू

आमच्या घरात एक खोली होती, पण तिला खोली कोणी म्हणत नसे. तिचं नाव "तिकडे". न चालणारी व्यायामाची सायकल तिकडे, चाक मोडलेली बॅग तिकडे, मुलाची शाळेतली पदकं तिकडे. जे फेकवत नाही आणि बघवतही नाही, ते सगळं तिकडे. दार खांद्याने ढकलल्याशिवाय उघडत नसे. त्या पसाऱ्यातून वाट काढत रोज सकाळी मी एकटी आत जायचे, कारण घरातला चांगला उजेड तिथेच होता.

मी दात करते. असं सरळ सांगितलं की समोरचा माणूस पटकन तोंड मिटतो. डॉक्टर तोंडात बसवतात तो दात आधी कुणीतरी केलेला असतो, हे लोकांच्या डोक्यातच येत नाही. माझी उमेदीची वर्षं दातांच्या लॅबमध्ये गेली. हल्ली दाताचा आकार मशीन कापून देतं, पण मशीनमधून निघालेला दात खडूसारखा पांढराफटक असतो. त्याला माणसाचा रंग द्यायला माणूस लागतो. हिरडीकडे किंचित पिवळट, टोकाला जरा निळसर, मध्ये एखादी पुसटशी रेघ. रंग द्यायचा, भट्टीत भाजायचा, बघायचा, पुन्हा रंग द्यायचा. लॅब बंद झाल्यावर हे काम मी घरी आणलं. मिक्सरएवढी भट्टी फ्रिजशेजारी ठेवली आणि दातांच्या डब्या साखरेच्या डब्याजवळ. एकदा मुलाच्या मित्राने चहात साखर घालायला डबी उघडली, तर आत समोरचे दोन दात. तो पुन्हा कधी चहाला थांबला नाही.

दाताचा रंग दिव्याखाली कळत नाही. दिव्यात राखाडीसुद्धा गोरा दिसतो. गॅलरीतल्या कडक उन्हात सगळंच पांढरं दिसतं. ऊन नको आणि उजेड मात्र भरपूर हवा, तर तो फक्त "तिकडे"च्या खिडकीत. मोडक्या बॅगेवर बसून मी दात डोळ्यांसमोर धरायचे आणि काय कमी, काय जास्त ते मला कळायचं.

मुलगा आणि सून दोघंही घरून काम करतात. तो कंपन्यांच्या वेबसाइट बनवतो, ती विमा कंपनीचे दावे तपासते. तो बेडरूममध्ये, ती हॉलमध्ये, आणि दोघांच्या मीटिंगा एकमेकांच्या मीटिंगांत घुसायच्या. एक दिवस जेवताना मुलगा म्हणाला, "त्या खोलीचं ऑफिस करू या. घरातल्या सगळ्यांना नीट काम करता येईल अशी एक जागा."

मी "सगळ्यांना" हा शब्द ऐकला आणि हुरळून गेले. पदर खोचून कामाला लागले. सायकल भंगारवाल्याला दिली, पदकं पुसून पेटीत भरली, भिंतींना रंग देताना शिडी धरली. रंग कुठला द्यायचा यावर त्या दोघांचं वाजलं, तेव्हा मीच सांगितलं की फिकट द्या, भिंतीचा रंग हातातल्या कामावर उतरतो. दोघांनी ऐकलं. मला वाटलं, चला, आपलं मत धरलं जातंय.

मग टेबलं आली. दोन.

"माझं टेबल कुठाय?" मी विचारलं.

मुलगा हसला. त्याला खरंच थट्टा वाटली. "तुला कशाला टेबल, आई? डायनिंग टेबल आहे की. तुझं तिथे मस्त चालतं."

"आणि आई, आमचे दिवसभर कॉल असतात," सून म्हणाली. "तुम्हालाच त्रास होईल."

माझ्या त्रासाची एवढी काळजी यापूर्वी या घरात कुणी केल्याचं मला आठवत नाही.  मी मनाशी म्हटलं, टेबल नाही तर नाही, सकाळी घटकाभर खिडकीशी उभं राहायला कोण अडवतंय.

पडद्याने अडवलं. खिडकीतला उजेड दोघांच्या स्क्रीनवर पडत होता, म्हणून बाजारातून जाड, गडद पडदा आणला. तो फार लांब निघाला. मग आला माझ्याकडे. मी तो कापला, दुमडला, खालची पट्टी हाताने बारीक टाके घालून शिवून दिली. सुनेने कौतुक केलं. मीही खूश झाले. आपण काय शिवतोय हे शिवताना माझ्या डोक्यात आलं नाही, याचा मला आजही राग येतो.

त्यानंतर सकाळी दात घेऊन गेले की खोलीत अंधार. दोघांच्या तोंडावर स्क्रीनचा निळा उजेड. मी पडद्याला हात लावला की मुलगा मान न वळवता एक बोट वर करायचा. म्हणजे थांब. थोड्या वेळाने पुन्हा गेले की पुन्हा बोट. त्या बोटाला धरून याला मी चालायला शिकवलं होतं. शेवटी जाणंच सोडलं आणि डायनिंग टेबलावरच्या दिव्याखाली रंग जुळवायला लागले. मनाला पटत नव्हतं, पण काम अडवून कसं चालेल?

व्हायचं तेच झालं. एका पोहण्याच्या मास्तरांचा समोरचा दात होता. तलावाच्या कठड्यावर आपटून तुटलेला. मी केलेला दात डॉक्टरांनी लावून बघितला आणि मला फोन केला.

"काकू, दात राखाडी दिसतोय हो. बसवू शकत नाही." ते जरा थांबले. "रागावू नका, पण नजर तपासून घेतलीत का एवढ्यात?"

"नजर चांगली आहे माझी," मी म्हटलं.

"तसं असेल तर उत्तमच. पण मला पेशंटला उत्तर द्यावं लागतं. हा एक पुन्हा करून द्या. तोही जमला नाही तर मी पुढची कामं दुसरीकडे पाठवीन म्हणतो."

मी फोन ठेवला. हे एकच डॉक्टर माझ्याकडे काम पाठवत होते. ते थांबले की मी फक्त एक घरात बसलेली बाई. मुलाला सांगितलं, तर तो माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी प्रेमाने म्हणाला, "बरंच झालं, आई. किती वर्षं करणार? आता मस्त आराम कर."

आराम. मी आजारी नव्हते, थकले नव्हते, आणि हा पोरगा मला आराम वाढत होता. अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण डॉक्टरांचा शब्दही डोक्यातून जाईना. खरंच डोळे गेले असतील तर?

संध्याकाळ व्हायच्या आत दोघं खरेदीला बाहेर पडले. मी सरळ त्या खोलीत गेले, पडदा सरकवला आणि तो परत आलेला दात खिडकीत धरला. क्षणभरसुद्धा लागलं नाही. राखाडी. एखाद्या आंधळ्यालाही कळला असता इतका राखाडी. मला हसूच आलं. माझे डोळे शाबूत होते, त्यांच्यापुढचा उजेड काढून घेतला होता आणि वर मलाच विचारत होते, दिसतं का म्हणून.

रात्री जेवताना मी सांगून टाकलं. "ती खिडकी मला लागणार आहे. उद्यापासून."

"आई, उद्या माझा मोठा कॉल आहे," मुलगा म्हणाला. "हट्ट करू नकोस. परवा बसून नीट बोलू."

हा "परवा" मला चांगला माहीत आहे. तो या घरात कधी उजाडत नाही. मी ताट उचललं आणि दाताच्या डबीवर लिहिलेल्या नंबरावर मास्तरांना फोन लावला. म्हटलं, तुमचा दात तुमच्या तोंडाशी धरूनच जुळवायचाय, उद्या सकाळी घरी या.

सकाळी दोघं उठायच्या आत मी पडदा काढला आणि साबणाच्या पाण्यात बुडवला. माझ्या खोलीतलं शिवणाचं टेबल ओढत नेलं. त्याचे पाय फरशीवर असे करकरले की शेजारी जागे झाले असतील. खिडकीसमोर टेबल, टेबलावर भट्टी, ब्रश, रंग, आणि शेजारी मास्तरांसाठी स्टूल.

मुलगा चहाचा कप घेऊन दारात आला आणि तिथेच उभा राहिला.

"पडदा कुठाय?"

"भिजत घातलाय."

"आज? का?"

"मळला होता."

"आई, तो नवा आहे."

"नवे पण मळतात."

तो आणखी काही बोलणार इतक्यात बेल वाजली. मास्तर म्हणजे दारातून तिरके आत यावेत एवढे रुंद, आणि आवाज मात्र अगदी हळू. स्टुलावर बसून म्हणाले, "मावशी, डॉक्टरांकडे तो दात लावून बघितला तेव्हा माझ्याकडे शिकणारी दोन पोरं बरोबर होती, त्यांनी सगळ्यांना सांगितलं. आता तलावावर तोंड उघडलं की सगळी दाताकडेच बघतात. हात कसा मारायचा ते कुणी बघत नाही."

"आज होईल," मी म्हटलं. "तोंड उघडा."

भट्टीला प्लग कमी पडत होता. मी इकडे तिकडे बघतेय तोवर सुनेने स्वतःच्या दिव्याची वायर काढली आणि जागा करून दिली. मुलाने तिच्याकडे असं बघितलं, जणू ती शत्रूला सामील झाली. ती आपल्या स्क्रीनकडे वळली.

कॉल सुरू झाला. मुलाने टेबल जमेल तेवढं वळवलं, खुर्ची सरकवली, पण खोली होती तेवढीच होती. त्याच्या खांद्यामागे मी, मास्तर आणि मास्तरांचं उघडं तोंड, तिघंही ठळक. मी दात त्यांच्या दाताशेजारी धरला. त्यांच्या खऱ्या दातावर मध्यावर एक फिकट ठिपका होता, लहानपणापासूनचा. तो दिव्याखाली मला कधी दिसला नसता. मी ब्रशला रंग घेतला.

तेवढ्यात मुलाच्या स्क्रीनमधून एका बाईंचा आवाज आला. "तुमच्या मागे कोण आहे?"

"कोणी नाही," मुलगा म्हणाला. "आई आहे."

माझा ब्रश थांबला. हे तो रागाने म्हणाला नव्हता. सहज म्हणाला, पाणी पिताना ग्लास खाली ठेवावा तसं. म्हणूनच ते जास्त लागलं. डोळ्यांत पाणी यायला लागलं आणि मी ते येऊ दिलं नाही, कारण डोळ्यांत पाणी असलं की रंग कळत नाही.

मी वळून स्क्रीनकडे बघितलं. "नमस्कार. मी इथे काम करते. हे माझे पेशंट. यांचा दात व्हायला वेळ लागेल. मध्ये भट्टीचा आवाज येईल, तेवढा चालवून घ्या."

 मास्तरांनी उघड्या तोंडानेच मान डोलावली. मग त्या बाई म्हणाल्या, "बरं, चालू द्या," आणि मीटिंग पुढे सुरू झाली. मीही माझ्या कामाला लागले. रंग, भट्टी, खिडकी. पुन्हा रंग, पुन्हा भट्टी. मुलाच्या मानेमागचा भाग कॉल संपेपर्यंत लाल होता.

मास्तर दात घेऊन थेट डॉक्टरांकडे गेले. दार लागलं तसा मुलगा उठला.

"काय हे, आई? सगळ्यांसमोर?"

"कोणी नाही काय रे मी?"

"माझा तसा अर्थ नव्हता."

"अर्थ काहीही असू दे. तू म्हणालास आणि मी ऐकलं. मला फार वाईट वाटलं."

  मी खिडकीसमोरच्या खुर्चीतून उठले असते तर पुन्हा तिथे बसायला मिळालं नसतं, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"खिडकीकडची बाजू माझी," मी म्हटलं. "दुपारनंतर उजेड उतरला की तुम्ही काय हवं ते टांगा. सकाळी पडदा लागणार नाही."

"आणि स्क्रीनवर उजेड पडतो त्याचं काय?"

"ते तू बघ. इतकी वर्षं मी माझं बघितलं."

सून हळूच म्हणाली, "टेबलं फिरवली तर पडणार नाही." मुलाने मान वळवून टेबलांकडे बघितलं.

तासाभराने डॉक्टरांचा फोन आला, तेव्हा तिघंही आपापल्या टेबलाशी होतो. मी स्पीकरवर घेतला, हात रंगाचे होते म्हणून, आणि नुसतं तेवढ्यासाठीच नाही.

"काकू, दात बसवला. हातात आरसा दिला तर पेशंट मलाच विचारतोय, यातला नवा कुठला?" डॉक्टर हसत होते. "चष्मा बदललात वाटतं?"

"पडदा काढला," मी म्हटलं.

"काय काढलं?"

"काही नाही. पुढचं काम पाठवा. आणि समोरचा दात असेल तर पेशंटलाही इकडेच पाठवत जा. सकाळच्या वेळी, माझ्या ऑफिसात."

"ऑफिस घेतलंत की काय?"

"घेतलं," मी म्हटलं.

फोन ठेवला. डॉक्टरांनी आदल्या आठवड्यात पाठवलेली एक दाढ राहिली होती, ती मी चिमट्यात धरली आणि खिडकीकडे वळले.  मागून वायरी काढल्याचा आवाज आला. मुलाने स्क्रीन उतरवून जमिनीवर ठेवली आणि टेबलाची एक बाजू उचलायला गेला. टेबल भरभक्कम होतं, एकट्याला उचलेना. त्याने सवयीने माझ्याकडे बघितलं. या घरात जड काही हलवायचं झालं की दुसरी बाजू मीच धरत आले.

"आई," तो म्हणाला.

"मी कामात आहे," मी म्हटलं.

सून उठली आणि तिने दुसरी बाजू धरली.