तार वाजवणाऱ्याचं नाव

गुलाबरावाची मान मी जितकी पाहिली, तितकी त्याच्या बायकोनंही पाहिली नसेल. गायन पार्टीत गायक पुढं बसतो आणि वाजवणारे मागं. लोकांना त्याचा चेहरा दिसतो, आम्हाला मान आणि सदऱ्याची मळकी कॉलर. आमची पार्टी डोणगावची. पेटीवर माणिकराव, कोरसला गुलाबरावाची बायको कलाबाई आणि ढोलकीवर मी, शेषराव. ही नावं तुम्हाला मी सांगतोय म्हणून कळली. गुलाबराव मंचावर आम्हाला वाद्याच्या नावानं हाक मारायचा. "पेटी, सूर दे." "ढोलकी, चाल." घरी मी त्याचा सख्खा मावसभाऊ, त्याच्या लग्नात घोड्यापुढं नाचलेला, मंचावर मात्र ढोलकी. मला याचा राग यायचा आणि मी तो ढोलकीवर काढायचो. लोक म्हणायचे, काय हात आहे!

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. मुंबईच्या एका कंपनीनं गुलाबरावाची रेकॉर्ड काढायचं ठरवलं. गाणं त्याचंच, "माय येचते कापूस, लेक येचते अक्षर." प्रवासाला सोबत म्हणून त्यानं मला नेलं. ढोलकी मी हौसेनं नवी मढवून घेतली होती. तिथल्या साहेबानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "वाजवणारे आमचे असतात," म्हणाला, आणि मला काचेपलीकडं मशीनवाल्याजवळ बसवलं.

तिथं मी तो माणूस पाहिला. चष्मा, पांढरी पँट, मांडीवर आडवी ठेवलेली गिटार. डाव्या हातात लोखंडाचा गुळगुळीत तुकडा, तो तारेवरून सरकवला की तार माणसासारखी हुंदका द्यायची. गाणं त्यानं फक्त एकदा ऐकलं, कागदावर काहीतरी खरडलं आणि वाजवायला घेतलं. आम्ही ज्या गाण्यावर अख्खा उन्हाळा घातला, ते त्याला चहा निवायच्या आत पाठ झालं. मी मनातून जळलो. पण खोटं कशाला बोलू, कानांना फार गोड लागलं.

त्या काळी सगळं एकदम वाजायचं. एक चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. गुलाबराव घाबरून सारखा चुकत होता. बाहेर दुसरी पार्टी येऊन बसली होती, साहेब घड्याळ बघत होता. "आता शेवटचं," तो म्हणाला. "नाही जमलं तर घरी जा."

दुसऱ्या कडव्यापर्यंत ठीक गेलं. मग गिटारचा छोटा तुकडा, आणि त्यानंतर गुलाबरावानं तिसरं कडवं उचलायचं. काचेतून मला त्याची मान दिसत होती. ती एकदम आखडली. मी ओळखलं, याचा शब्द हरवला. माझे हात आपोआप ढोलकीवर गेले, पण ढोलकी होती बंद खोळीत आणि मी काचेच्या अलीकडं.

गिटारवाल्यानंही मानच पाहिली असणार. जिथं त्याचा तुकडा खाली उतरून संपायचा, तिथून त्यानं तार वर चढवली. तबलेवाल्याकडं नुसती भुवई उचलली, तबला त्याच्यासोबत गेला, मागून व्हायोलिनवाले गेले. कोणाच्याही कागदावर नसलेलं ते सगळे असे वाजवत होते, जसं काही पिढ्यान्‌पिढ्या तेच वाजवत आलेत. आणि मग त्या माणसानं काय करावं? तिसऱ्या कडव्याची चाल तारेवर हळूच वाजवून दाखवली. रस्ता चुकलेल्या पोराचं बोट धरून घरी सोडावं, तसं त्यानं गुलाबरावाला शब्दापाशी आणून सोडलं. गुलाबरावाला कडवं आठवलं, त्यानं उचललं. साहेब खूश झाला. त्याला वाटलं, गाणं असंच आहे.

बाहेर जिन्यात तो माणूस विडी ओढत होता. मी जाऊन त्याच्या पायालाच हात लावला. तो दचकला. "तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं. तो म्हणाला, "गायकाची मान बघायची. मान आखडली की शब्द गेला." मी नाव विचारलं. "कशाला, रेकॉर्डवर छापणार आहेस का?" असं म्हणून तो हसला. पण त्यानं नाव सांगितलं. गुलाबराव तेव्हा साहेबाबरोबर फोटो काढत होता.

रेकॉर्ड आली. तिच्यावर एकच नाव, गुलाबरावाचं. लग्नात, जयंतीत, हॉटेलात ती वाजायची, आणि लोकांना सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर तो तारेचा लांबलेला तुकडा. आमचे माणिकराव तो पेटीवर काढायचे. तो आला की लोक टोप्या उडवायचे आणि गुलाबराव हात जोडायचा. त्या एका गाण्यावर आमच्या तीन घरांच्या चुली पेटत होत्या.

बुद्धजयंतीला मेहकरला आमचा सामना ठरला, संग्रामपूरकडच्या पंजाबरावाशी. आमच्या भागातल्या सामन्याची रीत अशी: सवाल टाकणाऱ्यानं आधी उत्तर पंचांच्या कानात सांगायचं. समोरच्याला एकदाच उत्तर देता येतं. चुकलं तर त्यानं आपलं एक गाणं कायमचं सोडायचं, आणि कोणतं ते जिंकणारा ठरवतो. उत्तर पार्टीतल्या कोणालाही विचारता येतं. पण कोणताच गायक विचारत नसे. गायकानं मान मागं वळवली की लोक शिट्ट्या मारत, आणि त्या शिट्ट्या पुढच्या जयंतीपर्यंत पुरत.

बाजाराच्या पटांगणात दिवेलागणीलाच मुंगीला जागा नव्हती. बाया पुढं, माणसं मागं, पोरं बसस्टँडाच्या भिंतीवर. पहिले सवाल सोपे गेले. मग पंजाबराव उठला, पंचांच्या कानाशी लागला, आणि माइकपाशी येऊन गोड हसला. ते हसणं पाहूनच मला घाम फुटला.

"गुलाबराव, लय नाव झालं तुमचं. मी बी मांगच्या महिन्यात मुंबईले जाऊन आलो, त्याच कंपनीत. आता सांगा. तुमच्या रेकॉर्डीत ज्याच्या तारेवर ह्या बायाबापड्या डोळे पुसतात, त्या वाजवणाऱ्याचं नाव काय?"

माझ्यासमोर ती मान होती, आणि ती आखडली. तशीच, काचेपलीकडं आखडली होती तशीच.

"सांगा लवकर," पंजाबराव म्हणाला. "नाही तर मंग आजपासून कापूस येचनं बंद."

मला नाव माहीत होतं. जिभेच्या शेंड्यावर होतं. आणि खरं सांगू? मला सुडाचा आनंद झाला. घे म्हटलं. जन्मभर मागं वळून पाहिलं नाहीस, घे आता. दुसऱ्याच क्षणी कलाबाईचा श्वास ऐकू आला आणि चुली आठवल्या.

गुलाबरावानं माइक जवळ ओढला. मला त्याचा स्वभाव ठाऊक. हा आता ठोकून देणार. गिटारवाला म्हणजे गोव्याचा ख्रिस्ती असणार, एवढा हिशेब त्यानं केला असणार.

"त्याचं नाव," तो म्हणाला, "डि..."

मी ढोलकीवर थाप मारली. एकच, अशी सणसणीत की पुढच्या रांगेतलं लेकरू रडायला लागलं. गुलाबराव थांबला. सोबत वाजवून वाजवून एवढी भाषा तर झालेली असतेच. ही थाप "नको" म्हणतेय, हे त्याला कळलं. पंच ओरडले, "अर्धं उत्तर धरलं जात नाही. पुरं सांगा."

आणि मग गुलाबरावाची मान वळली.

शिट्ट्या अशा सुटल्या की लाउडस्पीकर बुडाला. मी पहिल्यांदा मंचावर त्याचा चेहरा पाहत होतो. घामानं निथळलेला, आणि मला वाटायचा त्यापेक्षा पुष्कळ म्हातारा.

"ढोलकी," तो म्हणाला, "तुले माहीत हाय का?"

मी ढोलकीची दोरी ओढत बसलो.

"ढोलकी! बोल ना बे!"

"भाऊजी, सांगा ना," कलाबाई रडकुंडीला आली. "काऊन असं करून राह्यले?"

"ढोलकीले तोंड नसते, वहिनी," मी म्हणालो. "तिले कातडं असते."

पंजाबराव बोटं मोडत उभा होता. पंचांनी हात वर केला. तो खाली आला की सवाल मिटला. गेलं गाणं, गेल्या चुली, आणि घालवणारा मी. पण तोंड उघडेना. काही राग असे असतात की ते आपलंही ऐकत नाहीत.

गुलाबराव माझ्याकडं पाहत राहिला. मग त्यानं माइक तोंडाशी धरला आणि लोकांकडं पाठ ठेवूनच बोलला.

"मंडळी, मले नाव माहीत नाही. मी इचारलंच नाही. त्या दिशी मी शब्द इसरलो होतो. तो तारेचा तुकडा तुमाले आवडते ना, ती माझी चूक हाय. त्यानं झाकली. मी फोटो काढत बसलो." त्याचा आवाज चिरकला. "माह्या मांगं बसनाऱ्यायले बी मी कधी नावानं हाक नाही मारली. शेषराव, भाऊ, त्या मानसाचं नाव सांग. गानं राहो का जावो. मले आयकू दे."

शिट्ट्या कधी थांबल्या कोणास ठाऊक. पटांगणाला ऐकू जाईल असा एक शब्दही मी मंचावर आयुष्यात बोललो नव्हतो.

"रघुवीर," मी म्हणालो. "रघुवीर कुडतरकर."

पंचांचा वर गेलेला हात तसाच राहिला. त्यांनी पंजाबरावाकडं पाहिलं. पंजाबरावानं मान हलवली आणि डोक्यावरची टोपी काढली. "बरोबर हाय," तो म्हणाला. "मले बी त्यानंच सांभाळलं. मी बी अडलो होतो."

लोकांनी जो गलका केला तो डोणगावपर्यंत गेला असेल. "कापूस! कापूस!" म्हणून पोरं भिंतीवरून ओरडायला लागली. गुलाबरावानं डोळे पुसले, माइक नीट केला. आता तो नेहमीसारखा "गायक गुलाबराव आणि पार्टी" म्हणणार, म्हणून मी हात तयार ठेवला.

"तार वाजवनारे रघुवीर कुडतरकर, मुंबई," तो म्हणाला. "पेटीवर माणिकराव. कोरस कलाबाई. ढोलकीवर माहा भाऊ शेषराव." आणि त्यानं गाणं उचललं.

पहिल्या ओळीच्या शेवटाला ढोलकी उठायची असते. हजार वेळा उठवली असेल मी, झोपेतही चुकलो नसतो. त्या दिवशी मात्र डोळ्यांपुढं सगळं पाण्यात बुडालं होतं, आणि माझी जागा निघून गेली. हात हवेतच राहिला.

गुलाबराव थांबला नाही. त्यानं शेवटचं अक्षर धरलं, वर नेलं, ओळ पुन्हा घेतली, जसं काही ती दोनदाच म्हणायची असते. मान किंचित माझ्याकडं वळवली आणि डोळ्यानं मला जागा दाखवली. मी थाप दिली आणि बरोबर समेवर आलो.

लोकांना काहीच कळलं नाही. त्यांना वाटलं, गाणं असंच आहे.