खंडेरावमामांची जाड वायर

खंडेरावमामांनी सावळीरामच्या डोळ्यांवर पंचा बांधून गाठ अशी आवळली, की मुलगा बघायला नव्हे, फासावर द्यायला आणलाय.

एक्क्याऐंशीचा मे, नाशिकच्या उपनगरातली टळटळीत दुपार. समोर रेकॉर्ड प्लेअर. मामा मनमाडला रेल्वेत इलेक्ट्रिशियन. बहिणीच्या, म्हणजे मालनबाईंच्या प्लेअरला त्यांनी स्वतः एक वायर करून दिली होती, धामणीएवढी जाड. तिच्यातून करंट आला की सनई गोड लागते, असं त्यांचं ठाम मत. आणि बाप नसलेल्या भाचीचं, वैजयंताचं, लग्न ठरणार मामांच्या शब्दावर.

"ज्याला वायरीतला फरक ऐकू येत नाही," मामा म्हणाले, "त्याला बायकोचं काय ऐकू येणार?"

एकदा साधी बारीक वायर, एकदा मामांची जाड; डोळे बांधून जाड कोणती ते ओळखायचं. आधीची दोन स्थळं याच वायरवर नापास झाली होती. त्यातला एक तर बीएस्सी होता.

सावळीराम भद्रकालीत रेडिओ दुरुस्त करायचा. खांबापासून घरापर्यंत करंट बारीक तारेतूनच येतो, शेवटचे दोन हात जाड करून काही होत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण वैजयंता तीनदा रेडिओ घेऊन दुकानात आली होती, आणि तो बिघडला होता फक्त पहिल्यांदा. हे लग्न त्याला हवंच होतं.

वैजयंतानं एक वायर लावली. सनई वाजली. मग दुसरी लावली, आणि सनई खरोखरच साफ लागली. सावळीराम हादरला. सगळी विद्या खोटी की काय? तेवढ्यात नाकावरून घामाचा थेंब ओघळला.

"दुसरी जाड," तो म्हणाला.

पुन्हा परीक्षा, पुन्हा बरोबर. मामांनी पंचा सोडून त्याला कवटाळलं. "काय कान आहेत! कसं ओळखलंत, पाहुणे?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण आतला मेकॅनिक बोलून गेला. "मामा, तुमचा प्लग एवढा रुंद आहे, की तो बसवायला शेजारचा पंख्याचा प्लग काढावा लागतो. पंख्याची घरघर थांबली की सनई साफ. मला घाम आला की मी जाड म्हणायचो."

मालनबाईंच्या हातातली पोह्यांची बशी अर्ध्यावरच थांबली.

मामांनी पंचा स्वतःच्या डोळ्यांवर बांधला. गाठ आणखी घट्ट. "पंखा दोन्ही वेळा बंद. आता मी ओळखतो. बरोबर आलं तर पाहुण्यांनी शब्द मागे घ्यायचा. चुकलो तर वायर गोदावरीत, आणि या घरात माझं पाऊल पुन्हा नाही. लग्न ज्याला लावायचं त्यानं लावावं."

म्हणजे मामा चुकले की लग्न मोडलं.

वैजयंतानं आधी जाड लावली, मग बारीक. मामा घामानं निथळत ऐकत होते. बारीक वायरीवर सनई चढली आणि मामा गरजले, "हीच! हीच माझी जाड!"

वैजयंतानं सावळीरामकडे पाहिलं.

"बरोबर, मामा," सावळीराम म्हणाला. "शब्द मागे."

मामांचे हात गाठीकडे गेले. जाड वायर त्यांच्या पायाशीच लोळत होती. सुदैवानं गाठ त्यांचीच होती; सुटेना. वैजयंतानं झेप घेतली, बारीक वायर उपटली. सनई म्हशीसारखी हंबरून बंद पडली. जाड वायरीची दोन्ही टोकं खोचली, तशी ती कण्हत कण्हत पुन्हा सुरात आली.

मामांची बोटं गाठीवरच थांबली. "काय झालं?"

मग मालनबाई, ज्या सकाळपासून सावळीरामशी अक्षरही बोलल्या नव्हत्या, बशी खाली ठेवत म्हणाल्या, "लाईट गेली होती, दादा. जावईबापूंना विचार हवं तर."

"गेली होती," जावईबापू म्हणाले.

पंचा सुटला. मामांनी भिंतीवरच्या बोर्डाकडे पाहिलं, जाड वायरीकडे पाहिलं आणि डोळे पुसले.

"बघितलंत? लाईट जाऊन आली, तरी सूर जागचा हलला नाही."