आर्जिया बाहेरून कशी वाजते

आमच्या गावात कुणालाही वेगवान गाड्यांबद्दल विचारा, तो आपला मेहुणा ज्या नावाजलेल्या कारखान्यात आहे त्याचं नाव सांगेल. मोदेना शहराच्या आसपास प्रत्येकाचा एक तरी मेहुणा अशा कुठल्यातरी कारखान्यात असतोच. आर्जियाचं नाव मात्र कुणी घेणार नाही. जगात ती गाडी एकच आहे, आमच्या एर्मेसने घरी बनवलेली, आणि त्याच्याच कोठारात, वाळत टांगलेल्या कांद्यांच्या माळांखाली उभी असते.

एर्मेसने तिला आईचं नाव दिलं. आईही अशीच होती म्हणे: बुटकी, रुंद, आणि चिडली की नदीपलीकडे ऐकू जायची. पत्रा त्याने झाडाच्या बुंध्यावर ठेवून हातोडीने ठोकत वळवला. त्यामुळे उन्हात पाहिलं तर तिच्या अंगावर अजून बारीक लाटा दिसतात, आणि मला त्याच सगळ्यात आवडतात. आठ सिलिंडरचं इंजिन बसणाऱ्याच्या मानेमागे वीतभर अंतरावर. रेडिओ नाही, हीटर नाही. वेग किती विचारलं तर एर्मेस तीनशेच्या वर सांगतो. खात्री करायला सोबत कुणी जाऊ शकत नाही, कारण दुसरी सीटच नाही.

जी आहे ती मी शिवली. मी देल्मा, गाद्या आणि सोफे शिवते. सीट चौकटीलाच सांधलेली आहे, पुढेमागे सरकत नाही. तिच्या मापासाठी एर्मेस ओल्या प्लास्टरमध्ये बसला होता आणि तिथेच घट्ट झाला. शेवटी माझ्या कात्रीने त्याची विजार कापावी लागली. पेडल, स्टिअरिंग, छप्पर, सगळं त्याच्याच मापाचं. आणि एर्मेस असा बुटका, की उभा असला तरी लोक त्याला म्हणतात, "ऊठ की आता."

सप्टेंबरात तो माझ्या दुकानात आला आणि माझ्या उजव्या हाताला जाऊन उभा राहिला.

"डाव्या कानात बोल," तो म्हणाला. "उजवा बंद पडला. डावाही निघालाय, असं डॉक्टर म्हणतो."

"मग यंत्र लाव ना कानाला."

"यंत्रातून बायको ऐकू येते. इंजिन नाही." तो माझ्या सुयांचा डबा उघडझाप करत बसला. "देल्मा, मी तिला कधी ऐकलीच नाही गं."

"कुणाला?"

"आर्जियाला. आत बसलं की नुसता खडखडाट. कडेला उभं राहून, लांबून येताना, समोरून जाताना, तुम्ही सगळ्यांनी ऐकली. मी सोडून. कान आहे तोवर एकदा ऐकायचीय."

म्हणजे दुसऱ्या कुणीतरी चालवायला हवी. बातमी लोरिसच्या बारमध्ये गेली आणि अर्ध्या तासात निम्मं गाव कोठारात. पहिला मान लोरिसने घेतला. तो कमरेपर्यंत आत गेला आणि तिथेच अडकला.

"गाडी आहे का जोडा?" तो आतून ओरडला.

"जोडाच आहे, पण तू दोन्ही पाय एकात घातलेस," एर्मेस म्हणाला. दोघांनी काखेत हात घालून लोरिसला ओढून काढलं.

मग आमचे पाद्री, फाउस्तो. ते बारीक आहेत, पण लांब. गुडघे कानांना लागले. "कबुलीच्या पेटीतही यापेक्षा ऐसपैस वाटतं," म्हणत तेही उतरले. आणि मग सगळे माझ्याकडे वळले.

"मी आपली छोटी पांडा गाडी चालवते," मी म्हणाले.

"तिलाही चारच चाकं असतात," एर्मेस म्हणाला. डोळे मात्र विनवणी करत होते. सीट शिवताना तोंडात सुई धरून मी त्यात कितीदा बसले होते! मी बसते त्यात, हे त्याला ठाऊक होतं, आणि मलाही.

रविवारचं जेवण झाल्यावर आम्ही कालव्याकडेच्या सरळ रस्त्यावर जमलो. पोलीस ठाण्याच्या साहेबांनी निरोप धाडला होता, "तीनपर्यंत मी जेवतोय, आणि जेवताना मला काही ऐकू येत नाही."

पहिल्या फेरीत मी दुसऱ्या गिअरच्या वर गेलेच नाही. एर्मेस धावत आला. "माझी आई अशी चर्चला जायची! चिडव तिला!"

दुसऱ्या फेरीत मी चिडवली. मानेमागे आभाळ फाटलं. नासपतीच्या झाडांची एक हिरवी भिंत झाली, पोटातली दुपारच्या जेवणाची सगळी तोर्तेल्लिनी पाठीला जाऊन चिकटली आणि मी, या वयात, मोठमोठ्याने हसत होते. वळून परत आले तर एर्मेस लालबुंद.

"आता काय झालं?"

"लोरिस ऐकला! 'जा देल्मा, जा!' आणि वर त्याच्या सासूची शिट्टी! गाडी कुठंय त्यात?"

"मी प्रोत्साहन देत होतो," लोरिस म्हणाला.

"ते घरी दे!"

टाकीत एकाच फेरीपुरतं पेट्रोल उरलं होतं. ती पिते लग्नाच्या वऱ्हाडासारखी. पाद्री फाउस्तोंनी सगळ्यांना बजावलं, गाडी जाईतो कुणी चकार शब्द काढायचा नाही. आता, आम्ही अंत्ययात्रेतही डुकराच्या मटणाचे भाव बोलणारी माणसं. मला काही आशा नव्हती.

लांबच्या वळणावरून मी पाय दाबला तो सोडलाच नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं तेवढं दिसलं: लोरिसच्या तोंडात बारचं फडकं कोंबलेलं, पाद्रीबाबांनी कुत्र्याचं थोबाड मुठीत धरलेलं, आणि सगळ्यांच्या पुढे एर्मेस, मान वाकडी करून, डावा कान रस्त्याकडे, तोंड अर्धं उघडं. त्याच्यासमोर मी तिसऱ्यातून चौथ्यात गेले. मला ऐकू आला तो नुसता खडखडाट.

पार कालव्याच्या पाणदरवाज्यापाशी पेट्रोल संपलं. गाडी तिथेच ठेवून मी चालत निघाले. आले तर सगळे तसेच, पुतळ्यांसारखे. पहिला आवाज आपला नको, म्हणून कुणी श्वासही नीट घेत नव्हतं.

"ऐकली!" एर्मेस ओरडला, गरजेपेक्षा खूप मोठ्याने. "येताना भांडते, आणि जाताना गाते. गाते गं! मला वाटायचं नुसती भांडतेच."

डोळे पुसून त्याने आजूबाजूला पाहिलं. इतकी माणसं, आणि कुठून एक शब्द नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला. तो तळव्याने डावा कान थोपटू लागला.

"गेला का रे हाही? लोरिस! बोल काहीतरी!"

लोरिसने फडकं काढलं. "काय बोलू?"

"हेच!" म्हणत एर्मेसने त्याला मिठी मारली. जेमतेम पोटाला पोहोचली ती. मग गावाने आवरून धरलेलं सगळं एकदम सुटलं: शिट्ट्या, कुत्रा, लोरिसची सासू, गिअर मी केव्हा बदलायला हवा होता यावर प्रत्येकाचं मत. त्या कल्लोळात एर्मेसने डावा कान हाताने झाकून घेतला, आतलं काही सांडू नये म्हणून.