दोन अक्षरं जास्त

मी एक जुनी दगडी पाटी आहे. माझी लाकडी चौकट एका कोपऱ्यात खिळखिळी झाली आहे आणि खरं सांगायचं तर मित्रांनो, मी आता थकले आहे. इतक्या वेळा लिहून पुसलं गेल्यावर दगडही थकतो.

खाणीतून निघाले, घासून गुळगुळीत झाले आणि एका मुलीच्या दप्तरात आले. तिला वह्या मिळाल्यावर मी तिच्या आईकडे गेले. आई इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायची. दुपारी घरी आली की पाय धुऊन मला मांडीवर घ्यायची आणि देवासाठी चार ओळी लिहायची. एका ओळीत आठ अक्षरं, ना कमी ना जास्त. बोटांच्या पेरांवर मोजायची. सकाळी पुसून टाकायची.

"एवढंच?" लेक विचारायची.

"पाटीत मावेल तेवढंच सांगावं. त्याला काय आपलं एकच घर आहे?"

मग लेक तापाने गेली. आईने पेन्सिल खाली ठेवली ती ठेवलीच. मी पाण्याच्या पिंपावरचं झाकण झाले. वर्षभर पाठीला ओल, पोटावर तांब्या. कुणी विचारत नव्हतं. आई कामावर जायची, यायची, जेवायची. रडायची मात्र नाही. तिचा नवरा रखवालदार, मुळातच अबोल. तो तिच्याकडे बघत राहायचा.

एका दुपारी तिने मला पुसून मांडीवर घेतलं आणि लिहिलं:

ताप उतरला नाही
घर मोठे झाले देवा
तिची चप्पल दाराशी

चौथी ओळ काही येईना. तिने पेरं मोजली, पुन्हा मोजली आणि मला तिथेच टाकून ती भाकरी करायला उठली. नवऱ्याने मला उचललं. त्याचा हात जड, पेन्सिल करकरली.

मी रोज ती ओलांडून जातो

पिठाच्या हातांनीच आईने वाचलं. बोटं आपोआप चालू लागली.

"अहो, दोन अक्षरं जास्त झाली."

"मला कुठे येतं तुझं ते."

"'रोज' काढलं की बरोबर बसतं." तिने फडकं उचललंसुद्धा.

"अगं, पण रोजच तर जातो," तो म्हणाला.

फडकं हवेतच राहिलं. मग तिने ते तोंडाला लावलं आणि वर्षभराचं रडली. तो शेजारी बसून राहिला. तव्यावरची भाकरी करपली, तरी कुणी उठलं नाही.

आता ती पुन्हा रोज लिहिते आणि मी रोज झिजते. चालायचंच. मित्रांनो, आम्हा पाट्यांना जपा, ओल्या फडक्याने पुसा, थुंकी लावू नका. अक्षरंही जरूर मोजा. त्या मोजण्यानेच त्या बाईला इतकी वर्षं धरून ठेवलं होतं. पण आपलं माणूस कधी नव्हे ते बोललं आणि दोन अक्षरं जास्त झाली, तर तेवढी राहू द्या.