पहिला हक्क

माझ्या सासूबाईंना कुणी विचारलं, "तुम्ही ख्रिस्ती का हो?" तर त्या हातातलं काम न थांबवता म्हणायच्या, "आमचे हे होते."

विचारणारा हसायचा. लग्न होऊन आले तेव्हा मीही हसले होते. सोफ्या-खुर्च्यांना नवं कापड चढवायचं आमचं दुकान होतं. सासरे गेल्यापासून ते सासूबाईच चालवत होत्या. ओठांत बारीक खिळे धरायचे, एकेक काढून ठोकायचा, आणि उरलेले दाबून धरत दातांतूनच बोलायचं, ही त्यांची रीत. त्यामुळे त्या नेहमी चिडलेल्याच आहेत असं गिऱ्हाइकांना वाटायचं. निम्म्या वेळा ते खरंही असायचं.

दर रविवारी मात्र त्या चर्चला जायच्या. ताप असो, गुडघे धरलेले असोत, खाडा नाही. मीही त्यांच्याबरोबर जाऊ लागले, म्हणजे आधी नुसती सोबत म्हणून. माझ्या माहेरी देवाचं नाव कुणी आजारी पडलं तरच निघायचं. ख्रिस्ती असणं म्हणजे आडनावासारखं काहीतरी असेल, लग्नात नवऱ्याबरोबर आपोआप मिळत असेल, असं मला वाटायचं.

तिथं सगळे मिळून एक प्रार्थना म्हणतात. त्यात एक ओळ येते, ज्यांनी आमचं वाईट केलं त्यांना आम्ही माफ केलं आहे अशा अर्थाची. सासूबाईंचा आवाज खणखणीत, पण ती ओळ आली की बंद. पुढच्या ओळीला पुन्हा सुरू. दोन-तीन रविवार मला वाटलं, खोकला येत असेल. मग एकदा परत येताना मी विचारलंच.

"आई, तेवढं एक का नाही म्हणत?"

"खरं नाही म्हणून," त्या म्हणाल्या. "माणसांशी खोटं बोलतेच मी. सोफा परवा देते म्हणते आणि आठवडा लावते. देवाला तोंडावर कसं सांगू?"

त्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याने मला सगळं सांगितलं. त्याला एक मोठा भाऊ होता. गल्लीतल्याच एका मित्राशी त्याचं भांडण झालं, तेही कशावरून, तर उसन्या नेलेल्या मोटरसायकलवरून. शब्दाने शब्द वाढला. त्या मित्राच्या हातात लोखंडी सळई होती. दादा तिथेच रस्त्यावर गेला. मित्र तुरुंगात गेला. लहानपणी तो अंगाने खुरटा होता म्हणून सगळे त्याला बुटक्या म्हणायचे. याच घरात जेवायचा, याच दुकानात कापडाच्या गठ्ठ्यांवर झोपायचा.

"आईने त्या दिवसापासून त्याचं नाव घेतलेलं नाही," नवरा म्हणाला. "आणि स्वतःला ख्रिस्तीही म्हणवून घेतलेलं नाही."

मग 'आमचे हे होते' हे ऐकून मला पुन्हा कधी हसू आलं नाही.

शिक्षा भोगून बुटक्या परत आला तो माझ्या लग्नानंतरच. तोवर त्याची आई वारली होती. तिची खोली आमच्या मागच्या गल्लीत होती, तिथे तो एकटा राहू लागला. त्याला काम कुणी देईना. तो समोरून आला की लोक रस्ता बदलायचे. सासूबाई बदलायच्या नाहीत. त्या सरळ चालत राहायच्या आणि तो जिथे उभा असेल तिथे भिंतच आहे असं बघायच्या. तोच अंग चोरून बाजूला व्हायचा.

त्या दुपारी आम्ही दोघी एका दाताच्या डॉक्टरांचं बाकडं करत होतो, त्यांच्या दवाखान्यात पेशंट बसतात ते. बाहेर आरडाओरडा झाला. मी दारातून डोकावले. हार्डवेअरच्या दुकानासमोर गर्दी होती, आणि मधे कुणीतरी खाली पडलं होतं.

"काय झालं?" आतून सासूबाईंनी विचारलं.

"दुकानातलं ड्रिल मशीन चोरीला गेलंय म्हणतात. त्याला धरलंय."

"कुणाला?"

माझ्याच्याने नाव घेववेना. "त्याला, आई."

हातोडी थांबली. बाहेरून लाथांचा आवाज येत होता, नुसता दबका, गादी झोडपल्यासारखा.

"मारू देत," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी पुढचा खिळा ठोकला. तो वाकला. पकडीने उपटला, दुसरा लावला. तोही वाकला. सासूबाईंचा खिळा वाकलेला मी तोवर पाहिला नव्हता. मग त्यांनी ओठांतले सगळे खिळे तळहातावर काढले, बशीत टाकले आणि उठल्या. कापड कापायची मोठी कात्री मांडीवर होती, ती तशीच हातात राहिली. मी मागे धावले.

गर्दीने त्यांना पाहिलं, कात्री पाहिली, आणि एकदम वाट करून दिली. मला अजून त्या वाटेची शिसारी येते. केवढ्या अदबीने सरकले सगळे! "आईला येऊ द्या," कुणीतरी म्हणालं. "त्यांना करू दे काय करायचं ते. त्यांचा मान आहे."

बुटक्या कुशीवर पडला होता, दोन्ही हातांनी डोकं झाकून. त्याने बोटांच्या फटीतून वर पाहिलं. समोर कोण आहे ते त्याला कळलं, आणि त्याने हात काढले. डोक्यावरून, तोंडावरून काढले आणि जमिनीवर ठेवून दिले. डोळे मिटले.



"याच्यावर हात उचलायचा पहिला हक्क कुणाचा?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमचा!" दोघं-तिघं एकदम म्हणाले. "तुमचाच, आई!"

"माझाच ना? मग मी नाही उचलत. आता माझ्यामागे कुणाचा नंबर आहे, त्याने पुढे या."

कुणी हललं नाही. मग हार्डवेअरवाला म्हणाला, "अहो, पोटचा मुलगा मारलाय याने तुमचा! तुम्ही ख्रिस्ती म्हणून हे नाटक चाललंय का?"

मला वाटलं, आता त्या म्हणतील, आमचे हे होते.

"हो, ख्रिस्ती आहे मी," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता, आणि तो भीतीने नव्हे. "आहे. आणि आज मला ख्रिस्ती असल्याचा इतका राग येतोय म्हणून सांगू! नसते तर बरं झालं असतं. या कात्रीचं काय करायचं ते मला चांगलं कळलं असतं. पण आहे. त्याला मी तरी काय करू?"

तिथं उभ्या असलेल्या माणसांच्या माना हळूहळू खाली गेल्या. कुणी त्यांना रागावलं नव्हतं, कुणी उपदेश केला नव्हता. एक चिडलेली म्हातारी स्वतःशीच भांडत उभी होती, आणि तिच्याकडे वर मान करून बघणं कुणाला जमत नव्हतं.

त्यांनी कात्री माझ्याकडे दिली, वाकल्या आणि हात पुढे केला.

"बुटक्या, ऊठ."

दुकानात आणून त्यांनी त्याला त्या अर्धवट बाकड्यावर बसवलं. मला म्हणाल्या, "जखम धू त्याची." आणि फोमच्या थप्पीमागे गेल्या. तिथून ओकारीचा आवाज आला. मी धावले तर त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"हाच हात गं," त्या पुटपुटल्या. "याच हाताने. आणि तो मी धरून आणला."

तोंड धुऊन त्या पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. बुटक्याचा ओठ फाटला होता. तो म्हणाला, "काकू, मला..."

"बोलू नकोस. तू माफी मागितलीस तर मला उत्तर द्यावं लागेल. ते माझ्याकडे नाही. पाणी पी."

तो प्यायला. निम्मं पाणी शर्टावर सांडलं. तो दाराकडे निघाला तेव्हा त्या पाठ फिरवून उभ्या होत्या. तशाच म्हणाल्या, "उद्या ये. जुनं कापड उसवायला माणूस हवाय मला."

(ते ड्रिल मशीन पुढे हार्डवेअरवाल्याच्या मेव्हण्याच्या घरी सापडलं. त्याने न विचारता नेलं होतं. पण त्याबद्दल रस्त्यावर कुणी फारसं बोललं नाही.)

संध्याकाळी नवरा घरी आला तो ऐकूनच आला. जेवायला बसला नाही.

"दादाला विसरलीस तू, आई?"

"विसरले असते तर बसून राहिले असते."

"मग त्याला दुकानात बसवतेस? दादाच्या जागेवर?"

"तुझा दादा पडला होता ना," सासूबाई म्हणाल्या, "तेव्हा रस्ता असाच भरला होता. माणसं गोल करून बघत होती. एकजण पुढे झाला असता तर कदाचित... एवढी वर्षं मी त्या माणसांना शिव्या देतेय. आज मीच आत बसून खिळे ठोकत होते रे. त्यांच्यातलीच झाले होते."

ताट तसंच राहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्याने मापं घ्यायची, माल पोचवायची अशी बाहेरची कामं स्वतःकडे घेतली. बुटक्या आत असेपर्यंत तो दुकानात पाऊल टाकत नसे.

बुटक्या रोज यायचा. मागच्या कोपऱ्यात बसून जुने खिळे उपटायचा, धूळ झटकायचा, मान खाली. सासूबाई त्याच्याशी कामापुरतं बोलायच्या. कधीकधी भर सकाळी म्हणायच्या, "आज जा घरी. आज मला तुझं तोंड बघवत नाही." तो मुकाट्याने जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा वेळेवर हजर. मला वाटायचं, यातलं जास्त अवघड काय असेल, जा म्हणणं, की पुन्हा येऊ देणं, की येणं?

रविवारी ती ओळ आली की त्या अजूनही गप्प असायच्या. मला राहवेना. "आई, आता तरी म्हणायला काय हरकत आहे? एवढं केलंत तुम्ही."

"हात गेलेत पुढे," त्या म्हणाल्या. "मन मागून येतंय. त्याचं वय झालंय, ते हळू चालतं."

आणि मला त्या शब्दाची भीतीच वाटू लागली. ख्रिस्ती. वाईट भीती नव्हे. उंच कड्यावरून खाली बघताना वाटते, पण मागे सरकवत नाही, तशी. चर्चमध्ये माझ्या आजूबाजूची माणसं तो शब्द घड्याळासारखा मनगटाला बांधून बसलेली असायची. मी सासूबाईंच्या खडबडीत बोटांकडे बघत बसायचे.

मग एका सकाळी एक मोठा सोफा पोचवायचा होता, जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. जिना अरुंद, मधेच वळण. हमाल ऐन वेळी आला नाही. नवरा खाली टेंपोपाशी उभा होता. बुटक्या सोफ्याला हात लावणार असेल तर मी लावणार नाही, असं त्याने आधीच सांगितलं होतं. सासूबाईंनी पदर खोचला. "चल," त्या बुटक्याला म्हणाल्या. तो वरच्या बाजूला, उलटा चढत. त्या खालच्या बाजूला, सगळा भार अंगावर घेऊन. मी मागून गाद्या आणत होते.

वळणावर सोफा अडकला. बुटक्या मागे वळून पायऱ्या चाचपू लागला, तसा सोफा कठड्यावर आपटला.

"मागे बघू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "पडशील. माझ्याकडे बघ, मी सांगते तसा चढ."

तो खालीच बघत राहिला.

"अरे, माझ्याकडे बघ."

त्याने मान वर केली. इतक्या महिन्यांत त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. आता मधे सोफा, दोघांचेही हात अडकलेले, तोंड फिरवायलाही जागा नाही. दोघं बघत राहिली. बुटक्याचे डोळे वाहू लागले. ते पुसायला हात मोकळे नव्हते. सासूबाईंचेही वाहत होते.

मग सासूबाईंचं मनगट लचकलं. सोफा त्यांच्या अंगावर कलला. मी ओरडले.

खालून धडधडत पावलं आली. नवरा मला ढकलून पुढे गेला आणि त्याने सोफ्याखाली खांदा घातला.

"सोड, आई. मी धरतो."

त्या भिंतीला चिकटून बाजूला झाल्या. आता ते दोघं समोरासमोर होते. बुटक्याचा चेहरा पांढराफटक पडला. नवऱ्याचा जबडा आवळलेला होता.

"उचल," नवरा म्हणाला.

बुटक्याने उचललं.

सासूबाई तिथेच पायरीवर बसल्या. मीही गाद्या खाली ठेवून त्यांच्याशेजारी टेकले. वरून आवाज येत होते: "डावीकडे घे... अजून थोडं... सांभाळ, बोटं जातील तुझी." सासूबाई कानात प्राण आणून ऐकत होत्या. मी त्यांचा हात हातात घेतला.